माझ्या घरी कापूस नाही

खाज मानेपासून सुरू होते. मग कोपराच्या लवणीत उतरते, मग कमरेला, जिथे पायजम्याची नाडी असते तिथे. दिवाळी उलटली आणि कुणालाच खाज सुटली नाही असं घर आमच्या भागात शोधून सापडायचं नाही. पंचांगात कार्तिकाची काय लक्षणं दिली असतील ती असोत. आमचं लक्षण हे की समोरच्या खोलीत कापूस येऊन पडतो आणि माणसं मागच्या खोलीत सरकतात. यंदाही तो आला. टीव्हीच्या टेबलाचे पाय बुडाले, खिडकीची खालची चौकट बुडाली, भिंतीवरचा गणपती अजून हातभर वर आहे. पाहुणा आला की आम्ही त्याला कापसावरच बसवतो. तो बसतो, हळूहळू खाली जातो आणि चहाची कपबशी छातीशी धरून बुडत्या अवस्थेत गप्पा मारतो. बाबा म्हणतात, "राजाच्या घरी नसन अशी गादी." राजाला खाज सुटत नसावी.

यंदा खाज आणि कागद एकाच आठवड्यात आले. कागद कारखान्यातला. वर ठळक अक्षरांत 'घोषणापत्र', खाली एकच छापील वाक्य: 'माझ्या घरी कापूस साठवलेला नाही.' त्याखाली सहीची जागा. तो मी कापसाच्या ढिगावर ठेवला आहे आणि समोर बसलो आहे. सहा वर्षांपूर्वी, हा कागद पहिल्यांदा निघाला तेव्हा, वाक्यातला शेवटचा शब्द कोरा होता. 'आहे' किंवा 'नाही' हे ज्याचं त्यानं लिहायचं होतं. आता कंपनी ते आपणहून छापून देते. मधल्या काळात सुधारणा झाली म्हणायची.

ही सुधारणा कशी झाली ते आठवायचं तर त्या हंगामाकडे जावं लागतं. जाण्यासारखी वाट आहे असं नाही. मी अजून तिथेच आहे, एवढंच.

आमचा कारखाना मलकापूरच्या बाहेर, कापसातून सरकी काढायच्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामात आहे. मालकांच्या वडिलांची जिनिंग होती. मालक शिकायला बाहेर गेले, बऱ्याच वर्षांनी परत आले ते एक कल्पना घेऊन. वैद्यकीय उपकरणं बनवायची, आणि तीही आपल्या मातीत. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी 'माती' हा शब्द अकरा वेळा उच्चारला. मी मोजले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. जिथे मातीचा एक कण शिरला तर अख्ख्या दिवसाचं काम फेकावं लागतं, त्या कारखान्याचं हे उद्घाटन होतं. जागाही मालकांना वडिलांच्याच गोदामात, वडिलांच्या फोटोखालीच हवी होती. जिल्ह्यात मोकळ्या जमिनीला तोटा नव्हता, पण भावनेला नकाशा दाखवता येत नाही. ज्या भिंतींनी वर्षानुवर्षं रुई आणि सरकीची धूळ गिळली, त्यांच्या आत नव्या भिंती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याही आत काचेची स्वच्छ खोली. शेजारच्या दोन जिनिंगा चालूच होत्या. हंगामात त्यांची रुई आमच्या पत्र्यांवर, गाड्यांच्या सीटवर, वॉचमनच्या मिशीवर बसायची.

दसऱ्याला यंत्राची पूजा तर झालीच पाहिजे. पण स्वच्छ खोलीत हळद चालत नाही, कुंकू चालत नाही, झेंडू तर मुळीच चालत नाही. शेवटी लेसरच्या यंत्राचा मोठा रंगीत फोटो काढून लॅमिनेट केला, बाहेर पाटावर ठेवला आणि त्याला हार घातला. भटजींनी फोटो निरखून पाहिला. "देवता कोणती?" त्यांनी विचारलं.

"जर्मनीची," मालक म्हणाले.

भटजींनी अक्षता टाकल्या. त्यांनी याहून अवघड देव पाहिले असतील.

आम्ही तिथे काय बनवतो हे गावात कुणी विचारलं तर मी सांगतो, डबी. ज्यांचं हृदय ठोका चुकवतं त्यांच्या छातीच्या कातडीखाली एक छोटं यंत्र बसवतात, पेसमेकर, त्याची डबी. टायटॅनियमच्या दोन अर्ध्या शिंपल्या असतात, पत्रा नखाइतका पातळ. आतलं यंत्र बाहेरून तयार होऊन येतं. ते आत बसवून दोन्ही शिंपल्या कडेनं बंद करायच्या, एवढंच आमचं काम. त्यात स्क्रू नाही, डिंक नाही, रबराची कड नाही. लेसरचा एक ठिपका पडतो, त्यावर अर्धा चढून दुसरा, त्यावर तिसरा, आणि अशी कडेकडेनं शिवण पूर्ण होते. सूक्ष्मदर्शकाखाली ती मासोळीच्या खवल्यांसारखी दिसते. धातू वितळून धातूतच मिसळतो. बंद झालेल्या डबीत अंगातला ओलावा शिरत नाही, आतलं काही बाहेर येत नाही. चूक राहिली तर उघडून पाहायची सोयही नसते. कापायची आणि फेकायची.

टायटॅनियम थंड असताना अत्यंत सभ्य धातू आहे. तापला की मात्र हवेतला प्राणवायू पितो आणि ठिसूळ होतो. किती प्यायला ते रंगावरून कळतं. शिवण चांदीसारखी राहिली तर उत्तम, वाळल्या गवतासारखी पिवळसर झाली तर चालवून घेतात, निळी झाली की संपलं. तो निळा फार देखणा असतो, मोरपिशी. कारखान्यात जे सुंदर दिसतं ते बहुधा फेकायचं असतं, हे मी तिथे शिकलो.

म्हणून ही शिवण हवेत घालत नाहीत. काचेची एक बंद पेटी, तिच्यातली हवा काढून आरगॉन वायू भरलेला. पेटीला समोर दोन गोल भोकं आणि त्यांना आतल्या बाजूनं कायमचे जोडलेले, खांद्यापर्यंतचे जाड रबरी हातमोजे. माणूस बाहेर, हात आत. हात काढले-घातले की पेटीतला दाब हलतो, म्हणून एका तबकातल्या बारा डब्या पूर्ण होईपर्यंत हात काढायचे नाहीत असा नियम. दीड तास तरी जायचा. लेसरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, फक्त आवाज येतो, भिंतीवर पाल चुकचुकावी तसा. चुक चुक चुक. दिवसभर.

आणि हंगाम खाजेचा.

हात पेटीत अडकलेले असताना नाकाला खाज सुटणं म्हणजे काय हे सांगून कळत नाही. एकमेकींना हात लावायची बंदी. मग बायका मान पुढे काढून पेटीच्या काचेवर कपाळ घासायच्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडावर पट्टी, दिसतात फक्त डोळे. तरी त्या डोळ्यांत खाज मिटल्याचं समाधान लांबून ओळखू यायचं. काचेवर एक धुरकट डाग कायमचा बसला होता. तो शोभाताईच्या कपाळाच्या उंचीवर होता.

शोभाताई आमच्याच गावची, आमच्या घरापासून चार घरं सोडून. दोन एकर कोरडवाहू शेत. गावात ती मला 'भाऊ' म्हणायची, कारखान्यात 'सर'. दोन्ही ठिकाणी सारख्याच संशयानं. आठवडाभर ती पेटीवर बसायची आणि रविवारी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. ज्यानं कापूस वेचला नाही त्याला ती किती नाजूक कामगिरी आहे ते माहीत नसतं. बोंडातून पाकळ्या ओढायच्या, पण वाळलेली पत्ती बरोबर येऊ द्यायची नाही, बोंडाच्या टोकानं बोट फाडून घ्यायचं नाही, आणि तोवर दुसऱ्या हातानं पुढचं बोंड धरलेलं पाहिजे. तीच बोटं जाड रबरातून दोन शिंपल्या अशा जुळवायची की मध्ये केसाएवढीही फट उरत नसे. यंत्र बसवायला आलेला पुण्याचा इंजिनिअर दोन दिवस नुसता तिच्या मागे उभा राहिला. "हे कुठे शिकलात?" त्यानं विचारलं.

"कापसात," ती म्हणाली. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. पुढे त्याचं काय झालं कळलं नाही.

तिला अवघड गेलं ते लिहिणं. प्रत्येक डबीचा कागद, प्रत्येक कागदावर वेळ, दाब, सही. चुकलं की ती शब्दावर पेन गिरवून गिरवून कागदाला भोक पाडायची. तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या धंद्यात खोडायचा नियम कडक आहे. व्हाइटनरला बंदी, गिरवायला बंदी. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर ते लिहायचं, कारण लिहायचं, सही, आणि ज्या दिवशी खोडलं त्या दिवसाची तारीख.

तिनं ते नीट ऐकून घेतलं. "म्हंजे चूक झाकाची नाई. मान्य कराची, अन् दिसू बी द्याची."

"हो."

"लय बेकार नियम हाये सर," ती म्हणाली, आणि हसली. "पन बरा हाये."

मी स्वतः तिथे कसा आलो, हे थोडक्यात सांगता येईल. मेहकरच्या एका कॉलेजात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवलं. त्यात तासिका होत्या. तत्त्व कुठे होतं ते मला सापडलं नाही. मग घराजवळ नोकरी निघाली, शिवणी तपासणारा निरीक्षक. पेटीत जाण्याआधी शिंपल्या तपासायच्या आणि पेटीतून आल्यावर शिवण. मधे जे काय होतं ते शोभाताईचं. दुपारच्या सुट्टीत मी पुस्तक वाचतो, त्यामुळे कारखान्यात माझ्याबद्दल आदर आहे आणि मला कुणी काही विचारत नाही.

त्या वर्षी, दसऱ्यानंतर, बातमी आली की संक्रांतीच्या पुढेमागे परदेशातल्या गिऱ्हाईक कंपनीचे तपासनीस येणार. कुलकर्णी साहेब कामाला लागले. ते क्वालिटीचे प्रमुख, पुण्याचे, सज्जन माणूस, रोज स्वतःचा डबा स्वतः धुणारे. तंतू हा आपला सर्वांत मोठा शत्रू आहे असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की इथली माणसं कापूस घरात ठेवतात.

"घरात म्हणजे? राहत्या घरात?" त्यांनी विचारलं.

"समोरच्या खोलीत, साहेब."

"मग राहतात कुठे?"

"तिथंच."

दुसऱ्या दिवशी घोषणापत्र निघालं. माझ्या घरी कापूस साठवलेला, पुढे कोरी जागा. जो 'आहे' लिहील त्याला कापूस विकला जाईपर्यंत स्वच्छ खोलीबाहेर काम, आणि पुढचं पुढे पाहू. 'पुढचं पुढे पाहू' या वाक्याचा अर्थ आमच्याकडे लहान मुलांनाही कळतो.

संध्याकाळी परतताना टमटममध्ये चर्चा झाली. तेरा माणसं, मागच्या फळीवर लटकलेली दोन धरून.

"काय लिहाचं बे?"

"नाही लिही. काऊन, कापूस येते का तुह्या मांगं मांगं कारखान्यात?"

"येते ना बे. चड्डीत येते."

"अन् साहेब घरी पाहाले आले त?"

"आले त बसवू त्यायले कापसावर. उठताच नाई येत, लिहितीन कधी?"

टमटम हसून हसून एका बाजूला कलली. शोभाताई हसली नाही. "हाये त हायेच लिहा लागन," ती म्हणाली. "कोनाच्या छातीत जाते ते. खोटा कागद कसा लिहाचा?"

मग कुणीतरी म्हणालं, "ताई आता लय शिकली बापा," आणि मग पुन्हा सगळे बोलू लागले. मी बाहेर पाहत होतो. दोन्ही बाजूंना शेतं फुटलेली, पांढरी. कापूस फुटला की रान सुंदर दिसतं असं लिहायची पद्धत आहे. मला ते नेहमी उघड्या पडलेल्या गोष्टीसारखं दिसत आलं आहे.

घरी आलो. समोरच्या खोलीत कमरेएवढा ढीग. आदल्याच रविवारी आमच्या शेतातला वेचा झाला होता, आणि वेचणाऱ्यांत शोभाताई होती. तिनंच गाठोडी डोक्यावरून आणून या खोलीत रिती केली होती, तिनंच ढिगावर चढून पायांनी तो चेपला होता. "अजून दाबू का भाऊ? खिडकीपर्यंत जाईन." मी दारात उभा राहून तिला म्हणालो होतो, दाब.

त्या ढिगाला टेकून मी कागदावर 'नाही' लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

चाळीसेक कागद जमा झाले. एकावर 'आहे' होतं. आता शोभाताईला पेटीवरून उठवायला हवं होतं, पण पेटीवर तिच्या हाताचं दुसरं कुणी नव्हतं आणि माल वेळेत जायचा होता. तेव्हा असं ठरलं की तिनं कामावर आल्यावर कारखान्यातच आंघोळ करावी, केस धुवावेत, मग आत जावं. मार्गशीर्षाची थंडी. गिझर उद्घाटनाच्या दिवसापासून बंद होता. ती रोज कुडकुडत, ओल्या केसांवर टोपी घालून पेटीपाशी यायची. आमच्यात सगळ्यांत स्वच्छ माणूस ती होती. बाकीचे आम्ही घरून निघायचो, कापसातून वाट काढत.

त्या दिवसांत मला गुदमरल्यासारखं व्हायचं, ते खोलीमुळे नाही. खोलीत हवा भरपूर होती, गाळलेली, थंड, कुठलाच वास नसलेली. पण बाहेर आलो की रुई, आत गेलो की काच, घरी गेलो की पुन्हा रुई. आणि या सगळ्यातून फिरणारा मी, एक सही केलेला कागद. मी काही पाप केलं असं मला वाटत नव्हतं. सगळ्यांनी केलं ते मी केलं होतं. एवढंच की दर रविवारी तीच बाई माझ्या घरात कापूस ओतायची आणि सोमवारी सकाळी समोर येऊन म्हणायची, "नमस्कार सर." त्यात टोमणा नसायचा. असता तर बरं झालं असतं.

आणि मग एका दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली तो ठिपका दिसला.

खवल्यांमागून खवले, चांदीसारखे, आणि मधेच एक काळा डाग. शेजारी टाचणीनं टोचावं तसा बारीक खड्डा. डागातून बाहेर आलेलं, जळता जळता उरलेलं एक टोक. मी भिंग वाढवलं. पिळलेल्या फितीसारखा तंतू. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली असाच दिसतो. मेहकरला दर वर्षी पोरांना दाखवायचो, आणि पोरं दर वर्षी कंटाळायची. दोन शिंपल्यांच्या कडांमधे तो बसला होता, लेसर त्याच्यावरून गेला, तो जळाला आणि जाता जाता शिवणीत भोक ठेवून गेला. हेलियमच्या चाचणीत ती डबी गळकी निघाली. ती कुणाच्या छातीत जाणार नव्हती, ते एक बरं. पण अख्खा लॉट अडकला.

ती शिंपली पेटीत जाण्याआधी शेवटची माझ्या हातातून गेली होती. तसं त्या शिंपलीच्या कागदावर लिहिलेलं आहे. सही माझी.

अशा वेळी एक फॉर्म भरतात. त्यात 'मूळ कारण' असा चौकोन असतो आणि तो कोरा ठेवता येत नाही. मूळ कारण शोधायची पद्धतही ठरलेली आहे: पाच वेळा 'का' विचारायचं. आमच्या भाषेत पाच वेळा काऊन. डबी काऊन गळली? तंतू होता. तंतू काऊन आला? कुणाच्या तरी अंगावरून आला. अंगावर काऊन? घरात कापूस आहे. घरात काऊन? भाव नाही. भाव काऊन नाही? इथे फॉर्म संपतो आणि देश सुरू होतो. म्हणून व्यवहारी माणसं दुसऱ्या काऊनपाशी थांबतात आणि एक नाव लिहितात.

तो फॉर्म मला भरायचा होता. मी कुलकर्णी साहेबांकडे गेलो.

"साहेब, कापूस बऱ्याच घरांत असतो," मी म्हणालो.

"कागदावर एका घरात आहे."

"कागद..."

त्यांनी थर्मासमधला चहा मला ओतून दिला. "सर, नीट विचार करून बोला. कागद खोटे आहेत असं तुम्ही मला सांगत असाल तर मला ते लिहावं लागेल. मग चाळीस लोकांचं काय करायचं तेही तुम्हीच सांगा. तुमच्यासकट." ते रागावले नव्हते. त्यांचा आवाज थकलेला होता. "तुम्ही तसं सांगताय का?"

"नाही," मी म्हणालो. तोच शब्द, दुसऱ्यांदा.

आम्ही दोघं झगे चढवून आत गेलो. शोभाताईचे हात पेटीत होते. सातवी डबी चालू होती. पाल चुकचुकत होती.

"शोभाताई, तुमच्या घरी कापूस आहे," साहेब म्हणाले.

"हाव साहेब. लिहून देला ना."

"तुम्ही वेचायलाही जाता ना? दुसऱ्यांच्या घरात जाता. आपल्या इथल्या आणखी कुणाच्या घरी आहे का?"

तिनं मान वळवली. हात आत, म्हणून फक्त मानच. तिन्ही माणसांचे फक्त डोळे दिसत होते, आणि तिचे माझ्यावर होते. माझ्या मानेला खाज सुटली. झग्याच्या आत हात घालता येत नाही. मी तसाच उभा राहिलो. एक वाक्य होतं, पाच शब्दांचं, मला पाठ होतं: साहेब, माझ्या घरी आहे कापूस. ते तोंडावरच्या पट्टीच्या आतच राहिलं.

"माह्या घरचं विचारा साहेब," शोभाताई म्हणाली. "दुसऱ्याच्या घरातलं मी काय सांगू?" आणि तिनं मान फिरवून काचेवर कपाळ टेकवलं. या वेळी ती ते घासत नव्हती.

बाकीच्या डब्या तिनं पूर्ण केल्या, मगच हात काढले. सगळ्या उत्तम निघाल्या. मीच तपासल्या.

चौकोनात मी काय लिहिलं ते सांगायला नको. तिला पॅकिंगला घातलं आणि संक्रांतीनंतर तूर्तास गरज नाही म्हणून घरी बसवलं. तपासनीस येऊन गेले, खूश झाले. चूक सापडल्यावर तिच्या मुळाशी जायची तुमची पद्धत फार प्रामाणिक आहे, असं ते म्हणाले म्हणे. मालकांनी तिळगूळ वाटला आणि छोटं भाषण केलं. माती चार वेळा आली. पेटीवर नवी मुलगी बसली. ती बुटकी होती, काचेवरचा डाग वीतभर खाली सरकला. वरचा कुणीतरी पुसला. मी लक्ष ठेवून होतो, कोणत्या दिवशी पुसला ते मला सांगता येईल.

सहा वर्षांत गिझर सुरू झाला. कुलकर्णी साहेब पुण्याला परत गेले. मला बढती मिळाली. आता कागदपत्रांची खोली माझ्याकडे आहे. तिथला नियम असा की डबी माणसाच्या छातीत जितकी वर्षं राहील त्याहून जास्त वर्षं तिचे कागद जपायचे. त्यामुळे काहीच नाहीसं होत नाही. त्या हंगामाची फाइल तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर आहे. आत जाताना मी त्या बाजूला पाहत नाही, आणि त्यामुळे ती कुठे आहे हे कधी विसरत नाही.

काल ती काढली. माझं घोषणापत्र सापडलं. सहा वर्षांनंतरही अक्षर चांगलं होतं. 'नाही'वर मी एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं, 'आहे'. कारण: माहीत असून चुकीचं लिहिलं. सही. कालची तारीख. फाइल परत ठेवली, कपाट लावलं आणि घरी येताना, खोटं कशाला सांगू, मला थोडा अभिमान वाटत होता.

आज रविवार. आमचा वेचा होता. दुपारी शोभाताई पहिलं गाठोडं डोक्यावर घेऊन आली, दारातून वाकून आत शिरली, ढिगावर रितं केलं आणि पदरानं तोंड पुसत उभी राहिली. तिचं लक्ष कागदावर गेलं.

"आला वाटते अवंदाचा."

"आला," मी म्हणालो. आणि मग तिला कालचं सांगितलं. जितकं साधं सांगता येईल तितकं साधं सांगितलं, तरी ते भाषणासारखं झालं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "मंग माही पेटी भेटते का वापस?"

"नाही."

"तो कागद कोन पाहते?"

"पुढच्या तपासणीत कुणी उघडला तर..."

"उघडला त." तिनं दंडावरची खाज नखानं काढली. "कपाटातल्या कागदावर रेघ मारून आले भाऊ तुमी. अन् हा?"

"याच्यावर लिहायला जागाच नाही. छापूनच आलं आहे."

"रेघ माराले जागा कायले लागते?" ती म्हणाली. "तुमीच त शिकवलं होतं."

ती रिकामं फडकं झटकून, घडी घालून खांद्यावर टाकून निघाली. शेतात अजून दोन गाठोडी होती. दारातून वळून म्हणाली, "दार लावा. कापूस उडून राह्यला."

मी दार लावलं. खोली पांढरी, बंद, आवाज नसलेली झाली. कागद गुडघ्यावर घेतला. खाली कापूस असल्यानं तो नीट बसत नव्हता, रेघ थोडी वाकडी गेली, पण एकच गेली. खालचं 'नाही' वाचता येत होतं. बाजूला 'आहे' लिहिलं, सही केली, तारीख घातली. उद्या सकाळी टमटम साडेसातला येते.

मानेला खाज सुटली. या वेळी हात मोकळा होता.